तोतारामजींचं टिंब

तोतारामजी शेळके माणसाशी बोलतानासुद्धा आधी "टिंब" म्हणायचे.

एकदा आमचे प्राचार्य सभेत वक्तशीरपणावर बोलत होते. चाळीस मिनिटं झाली होती, पंखा बंद होता आणि पहिल्या रांगेतल्या दोन सरांचे डोळे केव्हाच मिटले होते. मागून तोतारामजींचा आवाज आला, "टिंब बीआर, साहेब." प्राचार्य थांबले. चष्मा काढून म्हणाले, "काय म्हणालात शेळके?" तोतारामजी उठून उभे राहिले आणि गरिबासारखं तोंड करून म्हणाले, "काही नाही साहेब. अथी ओळ तोडा म्हणलं." सभा तिथंच संपली. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजात लांबण लावणाऱ्या माणसाला "टिंब बीआर" म्हणायची पद्धतच पडली.

आता हे टिंब काय होतं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई भलतंच काहीतरी सांगून राहिली.

मेहकर तालुक्यातल्या एका डी.एड. कॉलेजात मी टायपिस्ट होते. सगळे मला वानखडे बाई म्हणत. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना कुणीतरी पटवून दिलं की आता कॉम्प्युटरशिवाय कॉलेजला किंमत नाही, म्हणून एक कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, खाली सतरंजी आणि दाराबाहेर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात.' धूळ गेली तर मशीन मरते असं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी नारळ फोडायचा होता, पण पाणी उडेल या भीतीनं तो ग्रंथालयात फोडला आणि खोबरं तेवढं कॉम्प्युटरला दाखवून आणलं. खोटं नाही सांगत, ताट माझ्याच हातात होतं.

शिकवायला पुण्याहून एक तरुण साहेब तीन दिवसांसाठी आले. आमचं बोलणं ऐकून दोन दिवस ते गालातल्या गालात हसत होते. त्यांनी शिकवलं ते असं. पडदा काळा, अक्षरं हिरवी. मजकूर लिहायचा आणि मजकुराच्या मध्येमध्ये हुकूम लिहायचे. हुकमाची ओळ टिंबानं सुरू करायची. टिंब सीई म्हणजे पुढची ओळ मधोमध आण. टिंब एसपी म्हणजे जागा सोड. टिंब बीआर म्हणजे ओळ इथं तोड. टिंब बीपी म्हणजे नवीन पान घे. सगळं लिहून झालं की फाईलचं नाव घालून एक शेवटचा हुकूम सोडायचा, मग प्रिंटर करकर करत पान काढायचा. तोवर ते पान कसं दिसणार हे कुणालाच दिसायचं नाही. आजच्यासारखं पडद्यावर पान बघून इकडचं तिकडं सरकवायची सोय नव्हती.

मी दोन दिवसांत हात जोडले. वीस वर्षं टाइपरायटर बडवलेली बाई मी. कळ दाबली की कागदावर अक्षर उमटलं पाहिजे, तरच मला झोप येते.

तोतारामजींना मात्र ते पाण्यासारखं सोपं गेलं. ते आमच्याकडे सायक्लोस्टाईलचं काम करायचे, पण त्याआधी कितीतरी वर्षं मेहकरात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. तो छापखाना बंद पडला तेव्हा कॉलेजनं त्यांना ठेवून घेतलं होतं. पान छापण्याआधी डोक्यात बघायची त्यांना सवयच होती. "बाई, हे तर मायंच काम हाय," ते मला म्हणाले. "तिकडं मी मनातल्या मनात हुकूम सोडत होतो, इकडं लिहून सोडा लागते. बस, एवढाच फरक." तिसऱ्या दिवशी त्यांनी काढलेलं पान पुण्याच्या साहेबांच्या पानापेक्षा सरळ आलं. साहेबांनी ते उजेडाला धरून बघितलं, आणि नंतर आमच्या बोलण्याला हसले नाहीत.

झालं. त्या दिवसापासून मशीन तोतारामजींचं आणि तोतारामजी मशीनचे. उंच, वाळलेला माणूस, पन्नाशी ओलांडलेली, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची पट्टी. दोन्ही कडा सरळ पाहिजेत, हे त्यांचं वेड. डावी कड तर कुणालाही सरळ जमते, खरा माणूस उजव्या कडेला ओळखावा, असं ते म्हणायचे. भिंतीवरची कॅलेंडरं सरळ करायचे. दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद सरळ करायचे. एकदा एका लग्नात पंगतीतल्या पत्रावळ्या सरळ करत शेवटपर्यंत गेले, आणि तिकडून परत येईपर्यंत यांच्या जागेवर दुसरा माणूस बसून बुंदी खात होता.

आणि बोलणं! शिपाई किसन चहाचा कप टेबलाच्या काठावर ठेवायचा, की "टिंब सीई, किसन." कप मधोमध यायचा. एसटीत कुणी अंगावर रेलला की "टिंब एसपी, भाऊ." तो माणूस घाबरून सरकायचा. मला वाटतं त्याला ती काहीतरी शिवी वाटत असावी. कुणाशी वाद झाला आणि मिटवायचा असला, की म्हणायचे, "टिंब बीपी. झालं ते मागच्या पानावर गेलं." मला राग यायचा. मी काही गोड बोलणारी बाई नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "तोतारामजी, मी तुमची फाईल नाही. माझ्याशी माणसासारखं बोला." ते म्हणाले, "बाई, माणसायले हुकूम समजत नाही, म्हणून तर मशीन बरी वाटते."

घरी त्यांचं कुणी नव्हतं. बाजाराच्या मागं एक खोली, एक खाट, एक स्टोव्ह. आई लहानपणीच गेलेली. धाकट्या भावाला, आत्मारामला, यांनीच वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि त्या गडबडीत स्वतःचं राहूनच गेलं. आत्माराम डोणगावजवळ शेती बघायचा. पण दोघं भाऊ एकमेकांशी बारा वर्षं बोलत नव्हते.

त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला किसननं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले. तेरवीची पत्रिका तोतारामजींनी स्वतःच्या हातानं छापखान्यात जुळवली. खाली 'शोकाकुल' म्हणून नावं होती, काका, मामा, चुलतभाऊ, झाडून सगळे. फक्त आत्माराम नव्हता. बापाच्या तेरवीच्या पत्रिकेत पोटच्या पोराचं नाव नाही! लोक आत्मारामला वाटेत धरून विचारायचे, काऊन गा, तू नाही का त्याचा पोरगा? तेरवीच्या दिवशी तो सगळ्यांच्या पंक्ती उठेपर्यंत वाढत राहिला, आणि स्वतः न जेवता निघून गेला. त्यानंतर बंदच. नाव का गाळलं, याच्यावर गावात दहा तर्क होते, बहुतेक सगळे वावराच्या हिश्शाचे. तोतारामजी कधी काही बोलले नाहीत.

मीही कधी विचारलं नाही. पण एक गोष्ट मला कळली आणि त्या माणसाकडे बघायची माझी नजर बदलली.

तोतारामजी हिवरा आश्रमाच्या यात्रेला गेले होते. एका पोराला दाखला लागला, तातडीनं. प्राचार्य म्हणाले, बाई, तुम्ही काढा. मी देवाचं नाव घेऊन मशीन सुरू केलं आणि त्या पोराची फाईल उघडली. दाखल्याचा मजकूर नेहमीचाच होता, पण मध्येच एक ओळ होती. तिच्या सुरुवातीला टिंब, मग एक तिरकी रेघ, मग अवतरणाचं चिन्ह, आणि पुढं लिहिलेलं, 'हा पोरगा डोणगाववरून सायकलीनं येते. याले उशीर झाला तर कोणी बोलू नये.'

मी घाबरले. म्हटलं हे काय सरकारी दाखल्यात! पण पान छापलं तर ती ओळ त्यात नव्हतीच. पुन्हा छापलं, पुन्हा नाही. मग माझ्या ध्यानात आलं. ओळीच्या सुरुवातीला ती तीन चिन्हं असली की मशीन ती ओळ बघते आणि गुपचूप सोडून देते. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या आठवणीसाठी काही लिहून ठेवायचं असलं तर त्यासाठी ती सोय होती.

मग काय, मी दार लावलं आणि सगळ्या फायली वाचून काढल्या. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. वक्तशीरपणाच्या सूचनेत होतं, 'साहेब सोता अकराले येते.' परीक्षेच्या पेपरात होतं, 'सवाल चवथा लय कठीण हाय. पोरं रडतीन.' किसनच्या रजेच्या अर्जात होतं, 'याची बायको आठव्या महिन्यात हाय, रजा वाढवून द्या.' आणि माझ्या स्वतःच्या अर्जात, जो मी 'खाजगी काम' म्हणून दिला होता, त्यात लिहिलं होतं, 'बाईची माय बिमार हाय. बाई कोणाले सांगत नाही. बाईले दुपारचा चहा किसननं आठवणीनं द्यावा.'

माझी आई तेव्हा खरंच अंथरुणाला खिळली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि दुपारचा चहा मला वेळेवर मिळायचा, तो तोतारामजींच्या सांगण्यावरून, हे त्या दिवशी कळलं. मी मशीनसमोर बसून पदरानं डोळे पुसले, आणि मग सगळ्या फायली होत्या तशा बंद करून ठेवल्या. त्यांना काही बोलले नाही.

असंच वर्ष गेलं. तोवर गावात कॉम्प्युटरच्या पत्रिकेचं खूळ शिरलं होतं. प्रिंटरची रिबन काढून त्याच्यावर स्टेन्सिल कापायचं आणि सायक्लोस्टाईलवर गुलाबी कागदावर पत्रिका काढायच्या. प्राचार्यांनी मुभा दिली होती, गावात कॉलेजचं नाव होते म्हणून.

उन्हाळा लागता लागता एक मुलगी कच्चा कागद घेऊन आली. सावळी, उंच, खांद्यावर ओढणी घट्ट धरलेली. तिनं कागद माझ्या हातात दिला. तोतारामजी शेजारीच टेबलावर होते, पण तिनं तिकडं बघितलं नाही, आणि त्यांनीही मान वर केली नाही. "बाबांनी पाठवलं," ती म्हणाली. "दुसरबीडच्या सोयऱ्यायले कॉम्प्युटरचीच पत्रिका पाह्यजे म्हणे." कागदावर नाव होतं, चि. सौ. कां. सुनंदा, आत्माराम शेळके यांची कन्या.

ती गेल्यावर तोतारामजी बराच वेळ टाइप करत राहिले. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, "उन्हानं काळवंडली नाही का पोरगी?"

मी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वरून खालपर्यंत वाचला. निमंत्रकांत तीन नावं होती, आत्मारामचे दोन चुलतभाऊ आणि एक मामा. सख्ख्या मोठ्या काकाचं नाव नव्हतं. त्यांनी पुन्हा वाचला. मग कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मागं काही नव्हतं.

आमच्याकडे पत्रिकेत नाव नसलं की त्या माणसानं लग्नाला यायचं नसते. तसं तोंडानं कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना समजते. बारा वर्षांपूर्वीची फेड आत्मारामनं बरोबर तशीच केली होती.

"टाकू का तुमचं नाव?" मी म्हटलं. "कच्चा कागद आहे, विसरले असतील."

"विसरला नाही तो," ते म्हणाले. "अन् बाई, ज्याचं कार्य त्याचा मजकूर. आपण अक्षर हलवायचं नाही." मग दोन दिवस त्या एका पानावर बसले. इतकी सुंदर पत्रिका मी पुन्हा बघितली नाही.

तिसऱ्या दिवशी ते प्रिंटरची नवी रिबन आणायला बुलढाण्याला गेले, आणि नेमकी सुनंदा धावत आली. मुहूर्त बदलला होता. अकरा पस्तीसचा बारा दहा करायचा होता, आणि पत्रिका त्याच दिवशी पाहिजे होत्या, कारण संध्याकाळपासून वाटायला निघायचं होतं. तिला बाकावर बसवून मी फाईल उघडली.

नवरीच्या नावाखाली तीन चिन्हं लावलेली ओळ होती. 'हिले आत्या नाही. बारशाले हिच्या कानात नाव मीच सांगतलं. पोरी, सुखी राह्य.'

बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं असते. या दोन भावांना बहीण नव्हती.

मी मुहूर्त दुरुस्त केला. नंतर त्या ओळीकडे बघत बसले. बाहेर सुनंदा बांगड्यांशी चाळा करत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा माणूस साऱ्या कॉलेजची काळजी न छापायच्या ओळींत लिहून ठेवणार, सख्ख्या पुतणीला आशीर्वाद देणार तोही लपवून, आणि लग्नाच्या दिवशी स्टोव्हवर खिचडी शिजवून खोलीत बसणार? मी कुणाला विचारलं नाही. ती तीन चिन्हं पुसली आणि शेवटचा हुकूम दिला.

किसननं तीनशे पत्रिका काढल्या. सुनंदा गठ्ठा घेऊन, न वाचताच गेली. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्याच्या घरच्या पत्रिकेत आपण ओळ घातली, आता त्या पोरीच्या सासरी काही बोभाटा झाला तर? मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी तोतारामजी आले. टेबलावर एक पत्रिका उरली होती. त्यांनी ती उचलली, पट्टी लावून उजवी कड बघितली, मग वाचली, आणि नवरीच्या नावाखाली बोट ठेवलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "टिंब कुठं गेलं?"

"मी काढलं."

"काऊन?"

"मला पटलं नाही म्हणून."

त्यांनी पत्रिका टेबलावर सरळ ठेवली. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कुणालाच टिंब म्हणाले नाहीत. किसन मुद्दाम टेबलाच्या अगदी काठावर कप ठेवायचा, पण ते गुपचूप चहा पिऊन कप परत करायचे. किसन मला म्हणाला, "बाई, माणूस बिघडला आपला." मला रोज वाटायचं पाय धरावेत, आणि रोज वाटायचं, नाही, बरंच केलं मी.

गावाचं मात्र भलतंच. लोकांना वाटलं, कॉम्प्युटरच्या पत्रिकेत अशी ओळ येतेच. एक पाटील आले आणि म्हणाले, "आमच्या पोरीच्या पत्रिकेतही ते कानातलं टाका बरं." मी म्हटलं, "तुमच्या पोरीला तीन आत्या आहेत." ते म्हणाले, "मंग तीन ओळी टाका."

बाजाराच्या दिवशी, अकराच्या सुमाराला, आत्माराम आला. मी त्याला तोवर लांबूनच बघितलं होतं. तोंडवळा तोच, फक्त अंगानं भरलेला. डोक्याला टॉवेल, हातात चुरगळलेली गुलाबी पत्रिका. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात उभा राहून त्यानं भावाकडे न बघता मला विचारलं, "हे पत्रिका कोणं छापली?"

"मी," मी उभी राहिले. "रागवायचं असलं तर माझ्यावर रागवा. यांनी ती ओळ न छापण्यासाठी लिहिली होती."

"न छापण्यासाठी कोणी लिहिते का?"

"हे लिहितात."

तो आत आला. आता तोतारामजींकडेच बघत होता. "तीनशे घरी गेली पत्रिका. ज्याच्या घरी जातो तो इचारते, हे कानात नाव सांगणारा कोण हाय? अन् निमंत्रकात त्याचं नाव काऊन नाही? दुसरबीडचे सोयरे तर म्हणे, आत्याचा मान ज्याले हाय त्याले पुढं बसवा. काय सांगू मी लोकायले?"

"सांग का चूक झाली," तोतारामजी खाली बघत म्हणाले. "मी दुसऱ्या काढून देतो. ते ओळ काढून टाकतो."

"ओळ काहाले काढतं? खोटी हाय का ते?"

"खोटी नाही."

"मंग?" आत्मारामचा आवाज चढला, आणि मध्येच मऊ पडला. "साऱ्या गल्लीतल्या बायायनं बुक्के मारमारून पाठ लाल केली होती तुयी. आत्या समजूनच मारलं. सुनंदाच्या मायनं हळद लावून देल्ली होती." त्याला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. टॉवेलनं तोंड पुसलं. "दादा, एक सांग. बाबाच्या तेरवीच्या पत्रिकेत मायं नाव काऊन नव्हतं? बारा साल झाले. मी इचारलं नाही अन् तू सांगतलं नाही."

तोतारामजींनी खिशातली पट्टी काढली, परत ठेवली.

"ओळी भरल्या होत्या," ते म्हणाले. "दोन्ही कडा सरळ आल्या होत्या. तुयं एकच नाव उरलं होतं, ते खाली एकटं लोंबत होतं. वाईट दिसत होतं. मले वाटलं, आत्माराम तर आपलाच हाय. परक्याचं गाळलं तर तो रागवीन, आपला थोडाच रागवते. म्हणून काढलं."

"एवढंच?"

"एवढंच. मंग तू बोलला नाही, अन् मले सांगाची लाज वाटली. कोणाले सांगू, का मी कड सरळ करण्यासाठी भावाले काढलं?"

आत्माराम मटकन बाकावर बसला. "मी समजलो का वावराच्या हिश्शातून मले काढायचा बेत हाय. बारा साल मी सात-बारा घेऊन तलाठ्याकडे चकरा मारल्या. अन् तिथं दरवेळी दोघायचं नाव बरोबर निघे! मले समजेच ना, का हा माणूस करून काय राह्यला!"

हसावं की रडावं, मला कळेना. किसन दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला.

आत्माराम उठला. पत्रिका टेबलावर ठेवून तिच्या सुरकुत्या हातानं साफ केल्या. "सोयऱ्यायच्या घरी दुसऱ्या पत्रिका न्या लागतीन. निमंत्रकात नाव टाक, सगळ्यात वर."

तोतारामजींनी फाईल उघडली. बोटं कळांवर ठेवली आणि तशीच राहिली. मग खुर्ची मागं सरकवून उठले. "मी नाही टाकत. मागच्या टायमाले नावं मीच जुळवली होती. यावेळी तू टाक."

"मले कुठं येते हे?"

"मी कळा दाखवतो."

ते असताना त्या खुर्चीवर प्राचार्यांनासुद्धा बसता येत नसे. आत्माराम जपून टेकला. एक बोट उगारलं आणि अक्षरं शोधायला लागला. तोतारामजी मागं उभं राहून हलक्या आवाजात सांगत होते, हे द, हा काना. दोन अक्षरांना त्याला चांगली पाच मिनिटं लागली. एवढ्या वेळात दुसरा कुणी असता तर तोतारामजींनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. मग आत्मारामनं हात मांडीवर ठेवले.

"पुढं?" तोतारामजी म्हणाले.

"झालं."

"झालं काय? हे 'दादा' झालं नुसतं. नाव टाक, तोताराम, मंग आडनाव. पत्रिकेत पूर्ण नाव लागते."

"मी कधी तुयं नाव घेतलं का?" आत्माराम मागं वळून म्हणाला. "मोठ्या भावाचं नाव आजलोक तोंडानं घेतलं नाही, आता बोटानं घेऊ?"

तोतारामजी पडद्याकडे बघत राहिले. निमंत्रकांत सगळ्यात वर, ना श्री, ना आडनाव, नुसतं दादा. त्यांनी काही हलवलं नाही. वाकून शेवटचा हुकूम तेवढा स्वतः दिला, आणि प्रिंटर करकर करायला लागला.

कागद आणते असं सांगून मी बाहेर निघाले. दारातच होते तेव्हा मागून आत्मारामचा आवाज आला.

"जेवला का?"

"नाही अजून."

"मंग हे झालं का चाल घरी. निघतानाच सांगून आलो मी, दादाची भाकर टाकून ठेवा म्हणून."